युद्धकालीन धर्मनेत्यांवरील चित्रपट : ऐतिहासिक सत्यता

युद्धाच्या किंवा परकीय अंमलाच्या काळात धर्मसंस्थांच्या प्रमुखांनी व सामान्य धर्मोपदेशकांनी केलेल्या, तसेच टाळलेल्या कृतींवर आधारलेले कथाचित्रपट हा ऐतिहासिक चित्रपटांचा एक स्वतंत्र गट मानता येतो. ह्या गटातील विशेष चर्चिले गेलेले अनेक चित्रपट नाझी राजवट (१९३३–४५) व दुसरे महायुद्ध (१९३९–४५) यांच्याशी निगडित आहेत. पोप बारावा पायस (१८७६–१९५८, कार. १९३९–५८), जर्मन प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५), आयरिश धर्मगुरू ह्यू ओफ्लॅहर्टी (१८९८–१९६३) आणि रोम व लक्झेंबर्ग येथील काही धर्मगुरू हे ह्या चित्रपटांचे विषय होत. प्रस्तुत नोंदीत ह्या यूरोपीय चित्रपटांच्या आधारे इतिहास आणि चित्रपट यांच्या संबंधाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक चित्रपटाची सत्यता सामान्यतः वेशभूषा, वास्तू, शस्त्रे आणि घटनास्थळे यांवरून जोखली जाते. धर्मनेत्यांच्या बाबतीत मात्र ही कसोटी अपुरी पडते. सेनापतीचे मूल्यमापन मुख्यतः त्याच्या लढायांवरून होते. धर्मनेत्याचे मूल्यमापन त्याच्या शब्दांवरून व मौनावरून होते. त्यासाठी तीन प्रश्न निर्णायक ठरतात : अत्याचारांची माहिती त्याला केव्हा मिळाली, ती मिळाल्यावर तो काय व कोणापुढे बोलला, आणि त्या बोलण्याचे किंवा न बोलण्याचे परिणाम काय झाले. ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कालक्रमाशी बांधलेली आहेत. सुमारे दोन तासांच्या कथानकात कालक्रम आवळला किंवा बदलला गेला, तर वेशभूषा अचूक असूनही त्या व्यक्तीविषयीचा नैतिक निर्णयच बदलतो. ह्या प्रकारच्या चित्रपटांतील बहुतेक वाद मुळाशी कालक्रमाचे वाद आहेत.

साधने व त्यांच्या मर्यादा : ह्या विषयाची ऐतिहासिक साधने विपुल आहेत, परंतु ती विषम आहेत. व्हॅटिकन व निरनिराळ्या देशांचे राजनैतिक पत्रव्यवहार, छापील प्रवचने, पोपची नभोवाणीवरील भाषणे, तुरुंगातील पत्रे, छावण्यांतून वाचलेल्यांच्या आठवणी आणि युद्धोत्तर खटल्यांतील साक्षी ही त्यांतील प्रमुख होत. याउलट, गुप्त कटांत सहभागी झालेली माणसे आपल्या हालचाली कागदावर येऊ देत नसत आणि मठांत आश्रय देणाऱ्यांना लेखी पुरावा धोक्याचा वाटे. त्यामुळे जिथे कृती सर्वांत धाडसाची होती, तिथेच पुरावा सर्वांत विरळ आढळतो. बंद दाराआड झालेले संभाषण, कबुलीजबाब व अखेरचे क्षण यांविषयी इतिहासकाराला पुष्कळदा मौन पाळावे लागते. पटकथालेखकाला मात्र नेमक्या ह्याच प्रसंगांची गरज असते. व्हॅटिकनने ११ खंडांत (१९६५–८१) युद्धकालीन निवडक कागदपत्रे प्रसिद्ध केली. परंतु बाराव्या पायसच्या कारकीर्दीचे दप्तर अभ्यासकांना खुले झाले ते २ मार्च २०२० रोजी. त्यापूर्वीचे चित्रपट हे दप्तर उपलब्ध नसताना तयार झाले, ही गोष्ट त्यांचे मूल्यमापन करताना ध्यानात घ्यावी लागते.

आरंभीचे चित्रण : रोम शहर सप्टेंबर १९४३ पासून ४ जून १९४४ पर्यंत जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. त्या काळावरील रॉबेर्तो रोस्सेल्लीनी याचा रोम, ओपन सिटी हा चित्रपट १९४५ मध्ये, म्हणजे घटना ताज्या असतानाच प्रदर्शित झाला. त्यातील दोन प्येत्रो हे धर्मगुरूचे पात्र दोन वास्तव व्यक्तींवरून घडविलेले आहे. त्यांपैकी दोन ज्युझेप्पे मोरोसीनी याला प्रतिकार चळवळीस साहाय्य केल्याबद्दल ३ एप्रिल १९४४ रोजी रोममधील फोर्ते ब्राव्हेत्ता येथे गोळ्या घालण्यात आल्या. दुसरा, दोन प्येत्रो पाप्पागाल्लो, हा पळालेल्या सैनिकांना व छळ होणाऱ्या लोकांना आश्रय आणि बनावट ओळखपत्रे मिळवून देत असे. २४ मार्च १९४४ रोजी आर्देआतीने गुहांत झालेल्या कत्तलीतील ३३५ बळींत त्याचा समावेश होता.

ह्या चित्रपटाने वास्तव नावे वापरली नाहीत. त्यामुळे दोन जीवनांचे मिश्रण करण्याची मोकळीक त्याला मिळाली. चित्रीकरण बव्हंशी रोममध्येच झाल्याने आणि कलावंत व तंत्रज्ञ यांना व्यापलेल्या शहराचा प्रत्यक्ष अनुभव असल्याने त्या काळाचे वातावरण त्यात विश्वसनीय उतरले आहे. तथापि एका गोष्टीकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. साम्यवादी कार्यकर्ता व कॅथलिक धर्मगुरू यांनी खांद्याला खांदा लावून मरण पत्करणे, हे युद्धोत्तर इटलीच्या ऐक्याचे चित्र चित्रपटाने रेखाटले. परंतु १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममधील ज्यूंची झालेली धरपकड त्याच्या कथानकात नाही. दाखविलेल्या प्रसंगांत सत्यता असूनही काय वगळले, यावरून इतिहासाचे चित्र कसे बदलते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

बारावा पायस : ह्या पोपसंबंधीचा वाद समजण्यासाठी काही घटनांचा क्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. एउजेन्यो पाचेल्ली हा १९१७ पासून जर्मनीत पोपचा वकील होता आणि १९३० मध्ये तो व्हॅटिकनचा परराष्ट्रव्यवहार पाहणारा सचिव झाला. २० जुलै १९३३ रोजी झालेल्या व्हॅटिकन–जर्मनी करारावर त्याचीच सही आहे. नाझी धोरणांवर टीका करणारे पोप अकरावा पायस याचे १९३७ चे जर्मन भाषेतील परिपत्रक तयार करण्यातही त्याचा सहभाग होता. मार्च १९३९ मध्ये तो पोप झाला. १९४२ च्या नाताळच्या नभोवाणी भाषणात त्याने, कोणताही अपराध नसताना केवळ राष्ट्रीयत्वामुळे किंवा वंशामुळे मृत्यूच्या अथवा क्रमशः विनाशाच्या वाटेला लावल्या गेलेल्या लक्षावधी माणसांचा उल्लेख केला. परंतु ज्यू किंवा नाझी हे शब्द त्यात आले नाहीत. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मन पोलीसदलाने रोममध्ये बाराशेहून अधिक ज्यूंना पकडून व्हॅटिकनपासून जवळच असलेल्या एका लष्करी विद्यालयात डांबले. त्याच दिवशी व्हॅटिकनच्या सचिवाने जर्मन राजदूताला बोलावून खाजगी रीत्या निषेध नोंदविला. परंतु जाहीर निषेध झाला नाही. दोन दिवसांनी हजारांहून अधिक लोकांना आउश्व्हिट्सला पाठविण्यात आले. त्यांपैकी केवळ १६ जण परत आले. त्याच काळात रोममधील मठ, विद्यालये आणि चर्चच्या इतर वास्तू यांत हजारो लोकांना आश्रय मिळाला. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका युद्धकालीन यादीनुसार १५५ धर्मसंघांनी सु. ४,३०० लोकांना आसरा दिला होता व त्यांतील सु. ३,२०० जण ज्यू असल्याचे निश्चित करता आले. ह्या आश्रयकार्यामागे पोपची प्रत्यक्ष आज्ञा किती होती व स्थानिक पुढाकार किती होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

ह्या प्रश्नाला जागतिक वादाचे रूप आले ते एका नाटकामुळे. रोल्फ होखहूट ह्या जर्मन लेखकाच्या डेर श्टेलफरट्रेटर (प्रतिनिधी) ह्या नाटकाचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९६३ रोजी बर्लिनमध्ये झाला. नाटकाच्या छापील प्रतीला लेखकाने दीर्घ ऐतिहासिक टिपणे जोडली होती. ह्या नाटकावरून कॉस्ता-गाव्हरास याने आमेन (२००२) हा चित्रपट काढला. त्यातील दोन नायकांपैकी कुर्ट गेरश्टाइन ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. एस्.एस्. संघटनेच्या आरोग्यविभागातील हा अधिकारी श्रद्धाळू प्रॉटेस्टंट होता. ऑगस्ट १९४२ मध्ये बेल्झेक येथील विषारी वायूने होणारी हत्या त्याने प्रत्यक्ष पाहिली. परतीच्या रेल्वेप्रवासात त्याने एका स्वीडिश राजनैतिक अधिकाऱ्याला ती सांगितली आणि बर्लिनमधील पोपच्या वकिलाकडेही ती पोहोचविण्याचा प्रयत्न केला. पण तेथून आपल्याला परत धाडले गेले, असे त्याने १९४५ मध्ये लिहून ठेवले. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला.

दुसरा नायक रिकार्दो फोंताना हा तरुण जेझुइट धर्मगुरू मात्र काल्पनिक आहे. होखहूटने आपले नाटक बर्नहार्ट लिख्टेनबर्ग आणि माक्सिमिलियान कोल्बे ह्या दोन धर्मगुरूंच्या स्मृतीला अर्पण केले होते. लिख्टेनबर्गने बर्लिनच्या कॅथीड्रलमध्ये ज्यूंसाठी जाहीर प्रार्थना केली. १९४१ मध्ये त्याला अटक झाली व ५ नोव्हेंबर १९४३ रोजी डाखाउला नेले जात असताना तो मरण पावला. कोल्बेने ऑगस्ट १९४१ मध्ये आउश्व्हिट्समध्ये दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करले. ह्यांपैकी कोणीही पोपच्या दरबारातील नव्हता. चित्रपटात मात्र रिकार्दो हा पोपच्या निकटवर्ती घराण्यातील असून तो पोपपुढे उभा राहून थेट आव्हान देतो, अंगावर पिवळी चांदणी लावतो व ज्यूंबरोबर छावणीत जातो. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनावर असे ठसते, की पोपसमोर एका विशिष्ट क्षणी संपूर्ण सत्य मांडले गेले आणि त्याने ते समजून-उमजून नाकारले. असा क्षण कागदपत्रांत नाही. तेथे दिसते ती वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या विश्वसनीयतेची, महिनोन्‌महिने येत राहिलेली माहिती आणि तिच्यावर झालेला सावध व अपुरा विचार.

ह्या संदर्भात पुढे उपलब्ध झालेल्या एका पत्राचे महत्त्व विशेष आहे. लोथार क्यॉनिख ह्या जर्मन जेझुइटाने १४ डिसेंबर १९४२ रोजी पोपच्या खाजगी सचिवाला लिहिलेले पत्र व्हॅटिकनच्या दप्तरात सापडून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बेल्झेकचा व तेथे दररोज होणाऱ्या हजारो हत्यांचा उल्लेख आहे. हत्येची विश्वसनीय माहिती पोपच्या अगदी निकटच्या वर्तुळापर्यंत १९४२ च्या अखेरीस पोहोचली होती, हे त्यावरून दिसते. आमेनने काढलेल्या निष्कर्षाच्या एका भागाला असा वीस वर्षांनंतर आधार मिळाला. परंतु तो निष्कर्ष पटवून देण्यासाठी चित्रपटाने वापरलेला प्रसंग त्यामुळे ऐतिहासिक ठरत नाही. चित्रपटाचे अनुमान योग्य असू शकते आणि तरीही त्याने दिलेला पुरावा कल्पित असू शकतो. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे.

आमेनमध्ये म्यून्स्टरचा बिशप क्लेमेन्स ऑगस्ट फोन गालेन याच्या विरोधाचाही संदर्भ येतो. ३ ऑगस्ट १९४१ च्या प्रवचनात गालेनने मनोरुग्ण व अपंगांच्या सरकारी हत्येचा जाहीर धिक्कार केला आणि त्याच महिन्यात त्या योजनेचा मध्यवर्ती टप्पा थांबविण्यात आला. जाहीर निषेध परिणामकारक ठरू शकतो, याचा हा दाखला होय. तथापि ही हत्या नंतर गुप्तपणे चालूच राहिली आणि ज्यूंच्या हत्येविषयी गालेनने असे जाहीर प्रवचन केले नाही. दुसऱ्या बाजूस नेदर्लंड्सचे उदाहरण दिले जाते. तेथील कॅथलिक बिशपांनी २६ जुलै १९४२ रोजी ज्यूंच्या हद्दपारीचा जाहीर निषेध करताच आठवडाभरात कॅथलिक झालेल्या ज्यूंना पकडण्यात आले. तत्त्वज्ञ जोगीण एडिट श्टाइन ही त्यांपैकी एक होती. पोपच्या मौनाचे समर्थक दुसरे उदाहरण पुढे करतात, टीकाकार पहिले. इतिहासात ही दोन्ही उदाहरणे एकाच वेळी खरी आहेत. एकाच बाजूचे उदाहरण निवडणारा चित्रपट खोटे सांगत नसला, तरी अपुरे सांगतो.

समर्थनपर चित्रपटांतही हीच पद्धत उलट दिशेने आढळते. क्रिस्तियां द्यूगे दिग्दर्शित सोत्तो इल चेलो दी रोमा (२०१०) ह्या दूरचित्रवाणीसाठी केलेल्या इटालियन चित्रपटात बारावा पायस हा रोममधील ज्यूंचा सक्रिय रक्षक म्हणून दिसतो आणि पोपचे अपहरण करण्याच्या हिटलरच्या बेताला कथानकात महत्त्वाचे स्थान मिळते. ह्या बेताचा मुख्य आधार एस्.एस्.चा सेनाधिकारी कार्ल व्होल्फ याची युद्धोत्तर साक्ष हा आहे. स्वतःचा बचाव करण्याची गरज असलेल्या माणसाची ही साक्ष इतिहासकार सावधगिरीनेच वापरतात. चित्रपटात मात्र असा बेत संशयातीत सत्य म्हणून उभा राहतो आणि मौनाला संकटाची पार्श्वभूमी मिळते.

ओफ्लॅहर्टी व काप्लर : जेरी लंडन दिग्दर्शित द स्कार्लेट अँड द ब्लॅक (१९८३) ह्या दूरचित्रवाणीपटात ग्रेगरी पेकने ह्यू ओफ्लॅहर्टीची, क्रिस्टोफर प्लमरने रोममधील गेस्टापोप्रमुख हर्बर्ट काप्लरची आणि जॉन गिलगुडने बाराव्या पायसची भूमिका केली आहे. ओफ्लॅहर्टी व्हॅटिकनच्या सेवेत असून त्याने ब्रिटिश राजनैतिक प्रतिनिधी, पळून आलेले सैनिक आणि रोममधील सामान्य कुटुंबे यांच्या साहाय्याने हजारो युद्धकैद्यांना व ज्यूंना लपवून ठेवले. ह्या कार्याची चित्रपटातील रूपरेषा ऐतिहासिक आहे. सेंट पीटर चौकाच्या सीमेवर आखलेली पांढरी रेघ, ती ओलांडताच होणाऱ्या अटकेचा धोका आणि वेशांतर करून शहरात फिरणारा धर्मगुरू ह्या गोष्टी कल्पित नाहीत.

चित्रपटाच्या अखेरीस पराभवाच्या उंबरठ्यावरील काप्लर रात्री कोलोसियममध्ये ओफ्लॅहर्टीला गाठून आपल्या कुटुंबाला वाचविण्याची याचना करतो. हा प्रसंग नाट्याच्या गरजेतून निर्माण झाला आहे. वास्तवात ह्या दोघांमधील संबंध युद्धानंतर जुळले. १९४८ मध्ये काप्लरला आर्देआतीने कत्तलीबद्दल जन्मठेप झाली. ओफ्लॅहर्टी तुरुंगात त्याच्या भेटीस जात राहिला आणि पुढे काप्लरने कॅथलिक धर्म स्वीकारला. चित्रपटाच्या अंतिम निवेदनात ह्या भेटींचा उल्लेख आहे. परंतु क्षमेचा आरंभ युद्धकाळातच झाल्याचे दाखविल्याने वर्षानुवर्षांची संथ प्रक्रिया एका रात्रीच्या प्रसंगात मावते. काप्लर १९७७ मध्ये रोमच्या लष्करी रुग्णालयातून निसटून जर्मनीस गेला व १९७८ मध्ये मरण पावला. कत्तलीत बळी पडलेल्यांच्या नातेवाइकांच्या दृष्टीने ही कथा धर्मांतराने संपली नव्हती, ही बाब चित्रपटाच्या समाधानकारक शेवटात बसत नाही.

बोनहोफर व नीमलर : प्रॉटेस्टंट धर्मनेत्यांत बोनहोफरचे जीवन चित्रपटांना सर्वाधिक आकर्षक वाटले आहे. ब्रेस्लाऊ येथे जन्मलेला हा धर्मशास्त्रज्ञ १९३०–३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जात असे. नाझी सत्तेच्या चर्चमधील हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या ‘कबुली-चर्च’चा तो एक अग्रणी होता. अहिंसक प्रतिकाराचा अभ्यास करण्यासाठी भारतात येण्याचा त्याचा बेत होता व १९३४ मध्ये महात्मा गांधींनी त्याला तसे निमंत्रणही दिले होते; पण तो बेत सिद्धीस गेला नाही. १९४० पासून त्याने जर्मन लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या आवरणाखाली हिटलरविरोधी कटाला साहाय्य केले. १९४२ मध्ये स्वीडनमध्ये बिशप जॉर्ज बेल याची भेट घेऊन त्याने कटवाल्यांची माहिती ब्रिटिश सरकारकडे पोहोचविली. त्याच विभागामार्फत १४ जणांच्या, मुख्यतः ज्यू वंशाच्या, एका गटाला स्वित्झर्लंडला पोहोचविण्याच्या योजनेशीही त्याचा संबंध होता. ५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली. २० जुलै १९४४ चा बाँबस्फोट झाला, तेव्हा तो सव्वा वर्षापासून तुरुंगात होता. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग छावणीत त्याला फाशी देण्यात आले.

ह्या जीवनावर एरिक टिलने बोनहोफर : एजंट ऑफ ग्रेस (२०००) व टॉड कोमार्निकीने बोनहोफर (२०२४) हे चित्रपट काढले. योगायोगाने पहिल्या चित्रपटात बोनहोफर आणि आमेनमध्ये गेरश्टाइन ह्या दोन्ही भूमिका उल्रिख टूकूर ह्या एकाच नटाने केल्या आहेत. दुसऱ्या चित्रपटाच्या अमेरिकेतील उपशीर्षकात धर्मोपदेशक व हेर यांबरोबर मारेकरी हाही शब्द होता आणि एका भित्तिपत्रकावर बोनहोफरच्या हाती पिस्तूल दाखविले होते. त्याच्या भावंडांच्या वंशजांनी व अनेक बोनहोफर-अभ्यासकांनी २०२४ मध्ये ह्या प्रतिमेच्या राजकीय वापराविरुद्ध जाहीर निवेदने काढली. चित्रपटातील प्रमुख जर्मन नटांनीही तसेच केले. बोनहोफरला कटाची माहिती होती आणि अत्याचाऱ्याच्या वधाची नैतिक जबाबदारी त्याने नाकारली नाही. परंतु त्याने स्वतः कोणावर शस्त्र चालविले नाही. अशा कृत्यातील सहभाग हा अपराधच असतो व तो पत्करावा लागतो, असा त्याचा विचार होता. शस्त्रधारी वीराच्या प्रतिमेत हा अपराधाचा भाग नाहीसा होतो.

चित्रपटांत क्वचितच जागा मिळेल अशी एक घटना १९३३ ची आहे. बोनहोफरच्या जुळ्या बहिणीचे सासरे ज्यू होते. बाप्तिस्मा न झालेल्या त्या गृहस्थांच्या अंत्यविधीचे पौरोहित्य करण्यास त्याने वरिष्ठांच्या सल्ल्यावरून नकार दिला. काही महिन्यांनी मेहुण्याला लिहिलेल्या पत्रात त्याने ह्याबद्दल क्षमा मागितली. ज्या वर्षी त्याने ज्यूंच्या प्रश्नावर चर्चच्या कर्तव्याचा निबंध लिहिला, त्याच वर्षीची ही कचर आहे. ती वगळल्यास तो आरंभापासून परिपूर्ण ठरतो. ती ठेवल्यास तो कसा बदलत गेला हे समजते.

मार्टिन नीमलर (१८९२–१९८४) याच्या बाबतीत कालक्रमाचे महत्त्व अधिकच स्पष्ट होते. पहिल्या महायुद्धातील हा पाणबुडी-अधिकारी आरंभी नाझी पक्षाचा मतदार होता व १९३३ च्या सत्तांतराचे त्याने स्वागत केले होते. चर्चच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावरून तो सत्तेच्या विरोधात गेला; १ जुलै १९३७ रोजी त्याला अटक झाली आणि युद्धाच्या अखेरीपर्यंत तो छावण्यांत होता. इतरांना पकडले गेले तेव्हा आपण गप्प राहिलो, ह्या आशयाचे त्याचे जगप्रसिद्ध शब्द १९४६ पासूनच्या भाषणांतून आकारास आले. २०२४ च्या चित्रपटात ते शब्द तो अटकेपूर्वीच्या प्रवचनात उच्चारतो. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्यामुळे त्या शब्दांचा अर्थच पालटतो. इतिहासात ते युद्धानंतरचे अपराधनिवेदन आहे; चित्रपटात ते युद्धापूर्वीचे भाकित होते. पहिल्यात वक्ता स्वतःला दोषी ठरवितो, दुसऱ्यात तो इतरांना सावध करतो. जर्मन प्रॉटेस्टंट चर्चने ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे दोषाची कबुली का दिली, हे दुसऱ्या चित्रावरून उमगत नाही.

बोनहोफरच्या मृत्युप्रसंगाविषयीही असाच प्रश्न आहे. तो शांतपणे प्रार्थना करून फाशी गेला, ही सर्वपरिचित हकीकत छावणीच्या डॉक्टरने सुमारे दहा वर्षांनी लिहिलेल्या आठवणीवर आधारलेली आहे. तिच्यातील तपशिलांविषयी अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत; ते मरण दीर्घ व यातनामय असावे, असे काहींचे मत आहे. हुतात्म्याच्या शांत मरणाचे दृश्य प्रेक्षकाला धीर देते, तसे ते अंमलबजावणी करणाऱ्यांचे क्रौर्यही झाकते.

छावणीतील धर्मगुरू : डाखाउ छावणीत निरनिराळ्या देशांच्या २,७२० धर्मोपदेशकांची नोंद आढळते, त्यांतील २,५७९ कॅथलिक होते व बहुसंख्य पोलिश होते. त्यांपैकी एक हजाराहून अधिक जण तेथे मृत्यू पावले. लक्झेंबर्गचा धर्मगुरू झां बेर्नार याच्या आठवणींवरून फोल्कर श्लन्डॉर्फने डेर नॉयन्टे टाख (नववा दिवस, २००४) हा चित्रपट काढला. फेब्रुवारी १९४२ मध्ये बेर्नारला काही दिवसांसाठी छावणीतून घरी सोडण्यात आले होते. चित्रपटात गेस्टापोचा एक अधिकारी त्याच्यावर, बिशपला नाझी सत्तेशी जुळवून घेण्यास तयार करण्यासाठी दडपण आणतो. त्या दोघांमधील धर्मशास्त्रीय वाद हा कथानकाचा गाभा आहे. हे संवाद कल्पित आहेत. दिग्दर्शकाने नायकाचे नावही बदलून आन्री क्रेमर असे ठेवले आहे. मूळ व्यक्तीच्या तोंडी न बोललेले शब्द घालण्याचे टाळून तिच्या अनुभवातील प्रश्न मांडण्याची ही पद्धत रोस्सेल्लीनीच्या पद्धतीशी जुळणारी आहे. छावणीतील भूक, थंडी व अपमान यांचे चित्रण मात्र आठवणींना धरून आहे.

मूल्यमापन : वरील चित्रपटांत आढळणारे इतिहासापासूनचे विचलन मुख्यतः पाच प्रकारचे आहे : (१) अनेक व्यक्तींचे एका पात्रात मिश्रण, (२) दीर्घ प्रक्रियेचे एका प्रसंगात संकोचन, (३) नंतर उच्चारलेल्या शब्दांचे आधीच्या काळात स्थलांतर, (४) खाजगी संभाषणांची निर्मिती आणि (५) कथानकाला अडचणीच्या ठरणाऱ्या घटना वगळणे. ह्यांतील पहिला व चौथा प्रकार चित्रपटमाध्यमात जवळजवळ अपरिहार्य आहे आणि पात्राचे नाव बदलल्यास त्यातून होणारी दिशाभूल पुष्कळ कमी होते. तिसरा व पाचवा प्रकार अधिक गंभीर होय. कारण त्यांमुळे कोणाला केव्हा काय ठाऊक होते आणि तो कसा बदलला, ह्या प्रश्नांची उत्तरेच बदलतात.

ह्या प्रश्नाचे महत्त्व केवळ अभ्यासकांपुरते नाही. शालेय पाठ्यपुस्तकाबाहेर बहुसंख्य लोकांना ह्या व्यक्तींचा परिचय चित्रपटांतूनच होतो आणि धर्मसंस्थेने संकटकाळी काय करावे, याविषयीची त्यांची मतेही त्यांवरून बनतात. दोषरहित वीराचे चित्र पाहणाऱ्याला स्वतःच्या काळातील संभ्रम हा दुबळेपणा वाटू लागतो. निव्वळ खलनायकाचे चित्र पाहणाऱ्याला आपण तसे नाही, असे समाधान मिळते. प्रत्यक्षात त्या काळातील अनेक धर्मनेते एकाच वेळी काही बाबतींत धैर्यवान व काही बाबतींत मूक होते. गालेनचे प्रवचन व मौन, बोनहोफरचा नकार व क्षमायाचना, नीमलरचे स्वागत व पश्चात्ताप, व्हॅटिकनचा खाजगी निषेध व जाहीर स्तब्धता ह्या जोड्या इतिहासाने एकत्र जपल्या आहेत. त्यांतील एकच बाजू चित्रपटाने ठेवली, तर मारल्या गेलेल्या हजारो लोकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असलेला प्रश्न, म्हणजे बोलणे शक्य असताना किती जण, केव्हा व का बोलले नाहीत, अनुत्तरित राहतो. म्हणून अशा चित्रपटाची सत्यता ठरविताना त्यातील प्रत्येक तपशील घडला होता काय, ह्यापेक्षा माहिती, उच्चार आणि परिणाम यांचा क्रम त्याने राखला आहे काय, ही कसोटी अधिक उपयुक्त ठरते.